प्लासिदाचं हिरवं दार

प्लासिदा या नावाचा अर्थ शांत. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीबाबांनी तिचं रडणं बहुतेक ऐकलं नसावं. ती माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या थोरलीची धर्ममाता. रक्ताचं नातं काही नाही, पण हक्काने बोलून घेते.

जुन्या वस्तीत तिचं मातीच्या विटांचं घर होतं. शहराने वस्ती पाडली, आम्हाला लांबच्या इमारतींत खोल्या दिल्या आणि तिथे मोटारी लावायचं मैदान केलं. तिचा नवरा कास्तुलो त्याआधीच देवाघरी गेलेला. मेलेली माणसं नोव्हेंबरात झेंडूच्या वासावर घरी येतात, पण ओळखीच्या घरी. कास्तुलोला नव्या खोलीचा पत्ता कोणी सांगितलाय?

आत्म्यांची मिरवणूक दरवर्षी त्या मैदानाच्या कडेने जायची. कागदाच्या लगद्याचे मुखवटे प्लासिदा करायची आणि सगळ्यांच्या पुढे झेंडूच्या पाकळ्या टाकत चालायचा मानही तिचाच. कुंपणाशी मेणबत्ती ठेवून "इथेच रे" म्हणायची, की मिरवणूक पुढे.

यंदा मिरवणुकीच्या समितीने वाट बदलली. नव्या रुंद रस्त्याने, पाहुण्यांच्या मंचासमोरून. हे सांगायला समितीचा रोसेंदो तिच्या स्वयंपाकघरात आला. तामालेची पहिली खेप उकडून झाली होती; पुढच्या खेपेचं मक्याचं पीठ गुंडाळायला मी तिथेच मक्याची पानं धूत होते.

"मावशी, आत्म्याला कसला आलाय पत्ता? ते कुठेही येतात."

"तुझ्या आईला, देव तिला शांती देवो, बाजारातून घरी यायला तुझा हात धरावा लागायचा. मेल्यावर शहाणी झाली होय?"

रोसेंदो हसला नाही. "मैदानाला आता फाटक आहे. आत सोडणार नाहीत."

"तामाले खा आणि जा."

तो गेल्यावर मी म्हटलं, देवाचा प्रकाश आत्म्यांना वाट दाखवतो. माझी तशी श्रद्धा आहे, अजूनही.

"प्रकाश देव दाखवेल गं," ती म्हणाली. "दार कोण दाखवणार?"

मग मैद्याची खळ शिजली. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवून माणसाच्या उंचीचं दार चौकटीसकट उभं राहिलं, जुन्या घराच्या दारासारखं हिरव्या रंगाचं. खाली तिने मुठीने एक पोचा पाडला. "किल्ली हरवली तेव्हा लाथ मारली होती त्याने. ही खूण दिसली नाही तर शेजारणीकडे जाईल. निमित्तच हवं असायचं."

मिरवणुकीच्या संध्याकाळी चेहऱ्यांवर कवट्या रंगल्या, छातीवर आपापल्या मृतांचे फोटो आले, ढोल सुरू झाले. प्लासिदा पुढे, पाठीला दार बांधलेलं, हातात टोपली. मागे पाकळ्यांचं पोतं घेऊन मी. चौकात रोसेंदो हात करून मिरवणूक उजवीकडे वळवत होता. ती डावीकडे वळली आणि पाकळ्या टाकत राहिली.

ढोलवाल्यांनी एकदा रोसेंदोकडे पाहिलं, एकदा पाकळ्यांकडे. त्या दिवशी पाकळ्यांची वाट सोडली तर मागून येणारे मृत चुकतात, हे आमच्याकडे आईच्या मांडीवरच शिकवतात. ढोल डावीकडे वळले. ढोलांमागे माणसं वळली.

मैदानाच्या फाटकावर आडवा दांडा होता. पहारेकरी म्हणाला, "आजी, गाडीशिवाय आत जाता येत नाही."

ती वाकून दांड्याखाली शिरली. दार अडकलं. तेवढ्यात मागून धापा टाकत रोसेंदो आला. आता हिला ओढतो की काय, म्हणून मी पोतं खाली ठेवलं. त्याने दारावरचा तो ओळखीचा पोचा पाहिला.

"हलू नका मावशी, रंग खरवडून निघेल," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी दांडा वर धरला.

तिच्या अंगणातलं डाळिंबाचं झाड तेवढं शहराने ठेवलं होतं. त्यावरून तिने उंबरठा ठरवला. दोन मोटारींच्या मध्ये दार उभं केलं, पाकळ्या थेट तिथवर आणल्या, दार उघडलं.

"पाय पुसून ये," ती म्हणाली.

आम्ही गुडघे टेकून जपमाळ म्हटली. मोटारींच्या टपांवर मेणबत्त्या लागल्या. आम्ही उठत असताना पहारेकरी हळूच म्हणाला, "आजी, हे दार जाताना न्या. इथे ठेवता येणार नाही, सकाळी मला हलवावं लागेल."

प्लासिदाने हातातली रिकामी टोपली झटकली.

"हलवायच्या आधी ठोठाव," ती म्हणाली. "आत माणूस आलाय."