गौरीशंकरच्या गाडीचा पट्टा

"पुसू नका म्हणलं ना."

"मग कबूल कर, इभूत तूच लावलीस."

"म्या कशाला लावू? गाडी सुरू झाली की तुमी इकणार. मला ती सुरू व्हायलाच नकोय."

शरणबसप्पांनी बायकोकडं, नीलम्माकडं पाहिलं. फडकं हातात तसंच राहिलं.

मुरुम गावात त्यांची पिठाची गिरणी. पट्टा ढिला पडलाय हे जेवता जेवता नुसत्या आवाजावरनं ओळखायचे, आणि घास टाकून उठायचे. उभा जन्म पट्टे उतरवण्या-चढवण्यात गेलेला. त्यामुळं मुलाच्या, गौरीशंकरच्या गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायला घेतला तेव्हा तोही त्यांनी गिरणीच्या पट्ट्यासारखाच ओढून काढला. गिरणीचा पट्टा कसाही चढवा, चाक फिरतं. याला मात्र दाते. वरची आणि खालची पुली खुणेवर धरून मगच काढायचा. पट्टा सुटला तशी वरची पुली कुणी हिसका दिल्यागत आपोआप फिरली आणि थांबली. नळदुर्गच्या मिस्त्रीनं फोनवर सांगितलं, एक दाता जरी चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, मग इंजिन गेलंच म्हणून समजा. खुणा ज्याला पाठ होत्या तो गौरीशंकर गेल्या श्रावणात वारला, लिंगैक्य झाला. त्याची गाडी दारात बघवत नाही म्हणून तर विकायची होती. तुळजापूरचं गिऱ्हाईक आज सांजेला यायचं होतं.

आणि सकाळी शेडचं कुलूप काढलं तर दोन्ही पुल्यांवर आणि पुल्यांसमोर इंजिनच्या अंगावर विभूतीच्या तीन-तीन रेघा. अजून ओल्या. किल्ली तर रात्रभर शरणबसप्पांच्या करदोट्याला.

"रेघा कुठनं कुठं वडल्यात बघा की," नीलम्मा हळू म्हणाली.

उजवीकडं जाड, डावीकडं पुसट होत गेलेल्या. डाव्या हाताच्या रेघा. या घरात विभूतीला डावा हात लावणारं, कितीही टोकलं तरी न ऐकणारं एकच पोर होतं.

शरणबसप्पांनी फडकं खाली ठेवलं. रेघेसमोर रेघ आणली, नवा पट्टा चढवला, पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. कुठंच अडलं नाही. उलट पाना त्यांच्या जोरापेक्षा हलका फिरत होता, पलीकडनं कुणी हात लावावा तसा.

"मगा," नीलम्मा कन्नडात पुटपुटली. पोरा. नवऱ्याला नव्हे, उघड्या बॉनेटमध्ये वाकून.

शरणबसप्पांनी आत बसून किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. आवाज एकसारखा, कुठं खट्ट नाही. तो ऐकताना शरणबसप्पांची मान खाली गेली ती वर येईना.

नीलम्मा गाडीच्या दाराशी आली. "अवो, आता बी इकणार त्याला?"

गाडीला नव्हे, त्याला.

शरणबसप्पा उतरले. इंजिन बंद केलं नाही. बायकोच्या अंगावरनं शेडबाहेर पडले आणि मागं न बघता, तुळजापूरच्या गिऱ्हाइकाला फोनवर "येऊ नका" म्हणत रस्त्याला लागले.