उणे ऐंशीची पूजा

परळच्या ज्या संस्थेत मी यकृताच्या कॅन्सरवर काम करते, तिथे माणसाच्या पेशीतलं अक्षरन् अक्षर वाचणारी यंत्रं आहेत. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू लागतं. माझी त्याला हरकत नाही. माझे आजोबा गिरणीत मागाची पूजा करायचे, पण हार घालताना तो धोट्यात अडकणार नाही हे आधी बघायचे. आमच्या सरांना फक्त फोटोत यंत्र उठून दिसायला हवं असतं.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. पेशींच्या भाषेवर तासभर भाषण ठोकतील, पण हातात पिपेट शेवटची कधी धरली ते त्यांना स्वतःलाही आठवायचं नाही. त्या वर्षी त्यांनी दादरच्या फुलबाजारातून टोपलीभर झेंडूच्या माळा मागवल्या आणि उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरला नवरीसारखं मढवलं. कुणीतरी पाहुणे येणार होते म्हणे.

त्या फ्रीजरमध्ये रुग्णांच्या गाठींचे तुकडे होते. त्यातला एक लालबागच्या एका गृहस्थांचा. गिरणी बंद पडल्यावर ते वॉचमन झाले, चाळीच्या भजनात मृदंग वाजवायचे. उभ्या आयुष्यात दारूला शिवले नाहीत आणि गेले यकृताच्या कॅन्सरने. चाळीने निकाल केव्हाच देऊन टाकला होता, चोरून पीत असणार. लेकीचं ठरत आलेलं लग्न तेवढ्यावरून मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने मला जिन्यात गाठलं होतं.

"मॅडम, तुकडा हवा तेवढा घ्या. माझं काय म्हणणं नाय. फक्त कशानं झालं ते सांगा."

मला कदाचित सांगता आलं असतं. काविळीचा एक विषाणू कधीकधी रक्ताच्या तपासणीत दिसतच नाही, पण यकृताच्या पेशींच्या डीएनएत आपला तुकडा घुसवून बसलेला असतो आणि त्यातून दारूच्या थेंबाशिवायही कॅन्सर होतो. तो तुकडा शोधणं हेच माझं काम. या गृहस्थांच्या नमुन्याची पाळी दसऱ्यानंतर होती.

पूजेच्या दिवशी मी आईला माटुंग्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. काय घडलं ते मी नंतर व्हिडिओत पाहिलं. हो, व्हिडिओ आहे! आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याला हात जोडले होते. माळा घालून झाल्यावर सरांनी फोटोसाठी उघडलेलं फ्रीजरचं दार लोटलं आणि एक झेंडू दाराच्या रबरी पट्टीत सापडला. दार नीट लागलंच नाही. आरती सुरू होते, टाळ्या वाजतात आणि मध्येच फ्रीजर जिवाच्या आकांताने बोंबलायला लागतो.

"अरे बंद करा ते आधी, आरती चाललीय ना!" हा सरांचा आवाज.

मग एक पीएचडी झालेला शहाणा पुढे होतो. फ्रीजर का ओरडतोय हे न बघता तो अलार्मचं बटण दाबतो आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागतो. आवाजाचा त्रास झाला, आवाज बंद केला. एवढीच त्यांची विज्ञाननिष्ठा.

पुढे दसरा, त्याला जोडून शनिवार-रविवार. सोमवारी आम्ही आलो तेव्हा फ्रीजरखाली तळं साचलं होतं, कॉम्प्रेसर जळला होता आणि नाक धरावं लागत होतं. पट्टीतला झेंडू चपटा झाला होता, पण रंग शाबूत होता.

"वीज गेली होती असं लिहू या," सर म्हणाले. परळमध्ये, चहूबाजूंना इस्पितळं असताना, चार दिवस वीज गेली! खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. नवा फ्रीजर आला तेव्हा त्यांनी आधी नारळ मागवला. "मागच्या पूजेत काहीतरी राहून गेलं असणार," म्हणाले. मी तिथून निघून गेले, नाहीतर तो नारळ कुठे फुटला असता सांगता येत नाही.

उरल्यासुरल्या लगद्यातून मी डीएनए काढून पाहिला. त्याचा पार चुरा झाला होता. विषाणू सापडला नाही. पण अशा चुऱ्यात न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

"मग काही सापडलं नाही एवढंच सांग की त्या बाईला," सर म्हणाले. "खोटं कुठेय त्यात?"

त्यांचा इतका संताप मला त्या झेंडूपायीही आला नव्हता.

ती आली. इस्त्रीची साडी नेसून आली होती. मी तिला बाकावर बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. आमच्या माणसांच्या मूर्खपणाने फ्रीजर बंद पडला, तुकडा सडला, आता कशाने झालं ते कधीच सांगता येणार नाही.

"दुसरा तुकडा देऊन होईल काय?" तिने चटकन विचारलं. मग तिचं तिलाच उमगलं. भोईवाड्याच्या स्मशानात सगळं केव्हाच जळून गेलं होतं.

ती उठली. पदर सारखा केला.

"म्हणजे आता चाळ म्हणते तेच खरं," ती म्हणाली.