खोडलेली आरती

काल उंब्रजला चुलतभावाच्या घरी आरतीत कापराचा वास नाकात गेला आणि मला स्वतःचीच किळस आली.

त्या आरतीची चाल सांगलीच्या आमच्या गाण्याच्या गुरुजींची. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सत्काराच्या पुस्तिकेसाठी मी त्यांच्या रचनांची यादी केली होती. बंदिशी सगळ्या ठेवल्या आणि ही आरती खोडली. "बँडवालेसुद्धा वाजवतात ही, जाणकार हसतील," मी तोऱ्यात म्हणालो.

"अहो, पण लोक गातात ती हीच ना!" गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना म्हणाल्या.

गुरुजी खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. "राहू दे. शिष्याला लाज वाटते."

आरती संपल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "लय गोड चाल हाय. कुणाची रं?"

यादीतली एकही बंदिश आता मला येत नाही.