पाचटावर बसलेल्या स्फुरदबाई

लग्नात अक्षता पडत असताना पायाखालची माती चिमटीत घेऊन तिच्यावर पर्समधल्या बाटलीतलं आम्ल सोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. माती फसफसली, तशी ती शेजारणीला म्हणाली, "बघा, चुनखड हाय." आमच्या बिद्रीकडच्या गावात त्या कृषी सहायक होत्या. त्यांचं खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. कुठलंही बोलणं चौथ्या वाक्याला स्फुरदावर, म्हणजे खतातल्या फॉस्फरसवर यायचं, म्हणून गाव त्यांना स्फुरदबाई म्हणायचा.

माझा ऊस तेव्हा फुटवे धरत नव्हता. आमचे वडील अण्णा, त्यांच्याकडं एकच औषध : आणखी एक पोतं डीएपी खत. ते मी रानभर हातानं फोकून द्यायचो. बाईंनी माती तपासून आणली आणि पिकाला मिळणारं स्फुरद कमी असल्याचं वाचून दाखवलं.

"मग एवढी पोती ओतली, ती गेली कुठं?" अण्णा गरजले.

"गेली न्हाईत. तुमच्याच रानात हाईत, चुन्यानं धरून ठेवल्यात. अण्णा, फोकलेलं खत चुना खातोय, मुळाशी दिलेलं ऊस खातोय."

अण्णांना ते पटलं नाही. शेवटी ठरलं, निम्मं रान बाईंच्या पद्धतीनं, निम्मं अण्णांच्या. बाईंनी आपल्या बाजूला हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायला लावला आणि फुलावर येताच गाडायला लावला. मग निम्मंच खत शेणखतात कालवून सरीत, उसाच्या कांडीच्या खाली. ओढणी कमरेला बांधून त्या स्वतः सरीत उतरल्या.

"बाई, लागण करताय का लोणचं घालताय?" अण्णा बांधावरून ओरडले.

"लोणचंच की! मुरल्याशिवाय चव न्हाय."

तोडणी झाली. दोन्हीकडचा ऊस सारखाच भरला. अण्णा खूश. "बघा, काय फरक न्हाय!"

बाई शांतपणे शेंगा सोलत म्हणाल्या, "निम्म्या खतात तेवढाच ऊस. मग हरलं कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा काडेपेटी घेऊन सगळं पाचट, तोडणीनंतर रानात पडलेला उसाचा वाळला पाला, पेटवायला निघाले. मी घाबरून बाईंना फोन केला. त्या स्कूटरवरून आल्या, आपल्या निम्म्या रानात शिरल्या आणि पाचटाच्या मधोमध फतकल मारून जेवणाचा डबा उघडला.

"उठा बाई, लोक बघत्यात."

"बघू देत की! हे कुजलं की त्यातनं आम्ल सुटतंय, अडकलेलं स्फुरद मोकळं व्हतंय. जाळलंसा तर हातात राख. मी उठत न्हाय."

ऊन डोक्यावर येईपर्यंत अण्णा काडेपेटी धरून उभे होते. मग पाय दुखायला लागले म्हणून बांधावर बसले. बाईंनी भाकरीवर झुणका घालून पुढं केला. अण्णांनी तो खाल्ला, पण तोंड फिरवून.

बाईंच्या बाजूचं पाचट तसंच कुजलं, अण्णांनी आपल्या बाजूचं जाळलंच. खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांवर आलेल्या पुढच्या उसाला, बाईंच्या बाजूचे फुटवे इतके दाट आले की सरीतून चालता येईना. अण्णा म्हणाले, "पाऊस चांगला झालाय." पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच पडला होता, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या वर्षी बाईंची बदली झाली. टेंपोत सामान भरून झालं होतं, बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. अण्णा पुढं आले, घसा खाकरला.

"बाई, आमचं खालचं रान तुमी कवा बघितलंच न्हाय."

अण्णांनी जन्मात कुणाला याहून जास्त विनवलं नव्हतं. बाई टेंपोतून उतरल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला आणि हे दोघं तासभर खालच्या रानात. परतले तेव्हा दोघांचे पाय घोट्यापर्यंत मातीत माखलेले आणि भांडण जोरात : हिरवळीच्या खताला ताग का धैंचा?

बाई पुन्हा टेंपोत चढल्या.

"आता परत कवा येणार?" अण्णांनी विचारलं.

"बदली झालीया, अण्णा. मी कशाला येतेय?"

"मग खालचं रान कोण बघणार?"

"तुमी की!"

टेंपो सुटला. अण्णा रस्त्यातच उभे राहिले. नेहमी शेवटचा शब्द त्यांचा असायचा. त्या दिवशी तो बाई टेंपोतून घेऊन गेल्या.