खोट्या फ्लॅशचे खरे फोटो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. एका साखरपुड्यात मी फोटोग्राफर म्हणून काय दिवे लावले, ते सांगतो.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. बोरिवलीत माझा छोटा स्टुडिओ होता. सुरुवातीला रविवारी पहाटे उठून गोराईच्या खाडीवर बगळ्यांचे फोटो काढत बसायचो. मग काय, पासपोर्ट फोटो आणि लग्नं, लग्नं आणि पासपोर्ट फोटो. 'मान वर, हनुवटी खाली' म्हणता म्हणता माझाच रस आटला. कॅमेरा उचलला की जांभई यायची. मेव्हण्याने मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी बघून ठेवली होती. मीही ठरवलं, आमच्या घराखालच्या मजल्यावरच्या नलूमावशींच्या सुनीताचा साखरपुडा उरकायचा आणि स्टुडिओला टाळं ठोकायचं.

आता आमच्या धंद्यातली एक लबाडी सांगतो, बाहेर बोलू नका. समारंभात प्रत्येक आत्याला आणि काकाला स्वतःचा फोटो हवा असतो. रोल तर महाग. म्हणून मी एकसारखे दोन कॅमेरे न्यायचो. एकात रोल, दुसरा रिकामा. रिकाम्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधलेला. कोणी 'माझा एक काढ ना रे' म्हणालं की लाल दोरेवाला उचलायचा आणि नुसता फ्लॅश उडवायचा. आत्या खूश, रोल शाबूत.

त्या दिवशी अंगठ्या, ओटी, दोन्हीकडची मंडळी रांगेत, सगळं मी जांभया देत टिपलं. मधल्या वेळात लाल दोरेवाला घेऊन नुसता हुंदडलो. फोटो येणारच नाहीत म्हटल्यावर काळजी कसली? बासुंदीची वाटी बोटाने पुसून चाटणारी आत्या टिपली, जागेवरून भांडणारे दोन काका टिपले.

स्वयंपाकघरात सुनीताचे वडील तात्या पुऱ्यांची राखण करत बसले होते. कडक माणूस. फोटोत कायम चौकीत उभं केल्यासारखा चेहरा.

"माझा कशाला काढतोस? रोल फुकट जाईल."

"नाही जाणार तात्या, माझी गॅरंटी."

तेवढ्यात सुनीताने मागून येऊन त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. मी फ्लॅश उडवला. कितीतरी दिवसांनी माझे हात शिवशिवत होते. थोड्या वेळाने लाल दोरेवाल्याचा खटका पुढे सरकेना. बिघडला असेल म्हणून पिशवीत टाकला.

स्टुडिओत येऊन बिनदोऱ्याच्या कॅमेऱ्यातला रोल गुंडाळायला घेतला, तर गुंडाळायची कळ भिंगरीसारखी मोकळी फिरतेय. कॅमेरा उघडला. आत काहीच नाही. वाट लागली. सकाळी जांभई देता देता मी रोल लाल दोरेवाल्यात भरला होता. तो संपला, म्हणून खटका अडला होता.

म्हणजे ज्यांना मी फसवलं, त्यांचे तेवढे फोटो आले. अर्धे हललेले. ते घेऊन मावशींकडे गेलो.

"अंगठीचा कुठाय रे दिनू?"

"नाही आला मावशी. एकही विधी नाही आला." मग दोऱ्यासकट सगळं सांगून टाकलं.

मावशींच्या हातात तात्यांचा फोटो. डोळे मिटलेले, पेढा अर्धा बाहेर आणि माणूस गदागदा हसतोय.

"हे असे हसतात, ते इतकी वर्षं मला एकटीलाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हा मोठा करून दे."

"आणि अंगठ्या?"

"त्याचं काय एवढं? रविवारी परत घालू."

आणि खरंच घातल्या. मुलुंडहून जावई त्याच सुटात परत आला. ते फोटो व्यवस्थित आले, सगळे खांबासारखे उभे. भिंतीवर मात्र तात्या लागले.

मरोळला मी गेलोच नाही. त्याच्या पुढच्याच रविवारी खाडीवर गेलो, बगळे तिथेच होते. मावशींनी त्या दिवशी मला झापलं असतं, तर आज नटबोल्ट मोजत असतो. त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन.

तेव्हापासून कळ दाबण्याआधी मनात म्हणतो, कॅमेरा रिकामा आहे. हात लगेच मोकळा होतो. आमच्या मुलीच्या बारशाला तर हे इतकं मनापासून म्हटलं, की संध्याकाळी उघडून बघतो तर खरंच रिकामा. बायकोने अबोला धरला. मावशी वर आल्या, पाळण्याला एक झोका दिला आणि म्हणाल्या, "तोंड काय पाडून बसलायस? रविवारी परत ठेवू नाव."