बॅटरी कोण खातंय

माझं डोकं मुळातच तापट. त्यात धंदा ऑटो इलेक्ट्रिकचा, म्हणजे दिवसभर डॅशबोर्डखाली मान घालून लोकांनी करून ठेवलेले उद्योग शोधायचे. द्वारका चौकाच्या पुढे माझं दुकान आहे. आजवर शिव्या दिल्या, खाल्ल्या, एकदा तर गिऱ्हाइकाच्या अंगावर पानाही फेकला. पण त्या दोन भावांची गाडी आली तो दिवस आठवला की अजून संताप येतो.

दोघं निफाडकडचे. दोघांत मिळून एक टुरिस्ट गाडी. सकाळी मोठा चालवायचा, संध्याकाळी धाकटा, आणि रात्री घरी लावायचाही तोच. गाडी जरा उभी राहिली की बॅटरी झोपायची. त्या दिवशी वणीचं भाडं हातचं गेलं आणि मोठ्याचा तोल गेला. त्याचं म्हणणं, धाकटा रात्री गाडीत बसून ठरलेल्या पोरीशी लग्नाआधीच तासन्‌तास फोनवर बोलतो आणि वरचा दिवा तसाच ठेवून येतो. धाकटा म्हणे, मी रोज बंद करतो. मोठ्याने चारचौघांत सांगून टाकलं होतं, त्या दिव्याचा फॉल्ट निघाला तर याला गाडीवरून कायमचं उतरवणार. धाकट्याला दुसरं काही कामच येत नव्हतं.

पिकअपला दोर बांधून गाडी ओढत आणली. दोर सोडायच्या आधीच मोठ्याने धाकट्याच्या कानाखाली काढली. धाकट्याने डोकं खाली घालून त्याच्या छातीत धडक मारली. दोघं माझ्या जुन्या बॅटऱ्यांच्या रांगेत जाऊन पडले. मी पाण्याचा पाइप उचलून दोघांच्याही पाठीवर ओढला, म्हटलं मरायचंय तर रस्त्यावर जाऊन मरा, माझ्या दारात नको. मग जरा थंड झाले.

माझी चांगली बॅटरी लावली, मध्ये मीटर जोडलं. चावी बंद, तरी मीटर करंट दाखवत होतं. म्हणजे गाडी बंद असताना आत कोणीतरी बॅटरी खात होतं. बाहेरून काही बसवलंय का, म्हणून दोघांना विचारलं. टेप, कॅमेरा, चार्जर? काहीच नाही म्हणाले, कंपनीचं आहे तसं आहे. मी आत बसलो, डॅशबोर्डवरच्या सप्तशृंगीला हात जोडले आणि दारं लावा म्हणालो. दारं लागली की वरचा दिवा विझायला हवा, तेवढंच बघायचं होतं.

बाकीची दारं लागली. धाकटा ड्रायव्हरच्या दाराशी खांबाला डावा हात धरून वाकला होता, बघा मिस्त्री, आता विझतो का नाही, असं सांगत होता. मोठा म्हणाला, लय बोलतो तू, आणि त्याने दार आपटलं.

तो आवाज मी विसरणार नाही. धाकट्याची मधली दोन बोटं पार चेचली होती, हाड दिसत होतं. मी बाहेर येऊन मोठ्याची कॉलर धरली आणि त्याला शटरवर आपटलं, दोनदा. त्याने हात वर केला नाही, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी रिक्षाला हाक मारणार, तेवढ्यात धाकटा बोलला.

"आधी फॉल्ट काढा. मग जातो."

मी शिव्या घातल्या, हात जोडले. काही उपयोग नाही. टायरवर बसून राहिला, हाताला माझं पुसायचं फडकं गुंडाळलेलं, ओठ दाताखाली. मग काय करणार. दारं लावून एकेक फ्यूज उपसायला लागलो. त्याचं रक्त माझ्या बोटांना लागलेलं, चिमट्यात फ्यूज धरवेना. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि मीटर शून्यावर आलं. वरचा दिवा दारं लागताच विझला होता, त्याचा दोष नव्हता. डॅशबोर्डवर मात्र अंधार झाला. देवीमागचा लाल बल्ब विझला होता.

तो बल्ब मोठ्यानेच बसवलेला. नवरात्रात, पार्किंग लाइटचा जुना बल्ब, वरच्या दिव्याच्या वायरीतून जोड काढून. चावी काढली तरी त्या वायरीत करंट राहतो, म्हणून मुद्दाम तीच घेतली होती, देवी रात्री अंधारात नको म्हणून. दोघांना तो रोज पेटलेला दिसत होता. मलाही दिसला होता. हात जोडले मी, आणि पुढे शोधत बसलो. काय म्हणावं माझ्या अकलेला.

"देवीच्या दिव्यानं कुठं बॅटरी उतरती का?" मोठा मला विचारत होता. मी नाही म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. मी म्हटलं, बॅटरीला काय कळतंय, पुढे देवी आहे का दगड. रात्रभर बल्ब पेटला की ती उतरणारच.

मोठ्याने खाली बसून धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चूक माझी हाय रे. गाडी निम्मी तुझीच, जन्मभर तुझी. कोणी उतरवत नाय तुला."

धाकट्याने फडकं बांधलेला डावा हात त्याच्या तोंडासमोर धरला. रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"गियर कशानं टाकू, दादा?"