नळयोजनेचा कागद

गारगोटीहून कोल्हापूरला येताना एस.टी.त एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. बायकांसाठी सरपंचपदं नुकतीच राखीव झाली होती आणि या त्यांच्या गावच्या पहिल्या बाई सरपंच. नळयोजनेचा प्रस्ताव घेऊन जिल्हा परिषदेत निघाल्या होत्या.

मागच्या सीटवरून त्यांचा नवरा म्हणाला, "कागद दे हिकडं. सायबासंगं मी बोलतो."

बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तुमी कवा हिरीवनं घागर आणलीया व्हय? सायबानं इचारलं तर काय सांगनार?"

नवऱ्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. रागावला असावा, असं मला वाटलं.

स्टँडवर सगळे दाराशी लोटले. तेव्हा तोच पुढं झाला आणि आडवा हात धरून मोठ्यानं म्हणाला, "जरा थांबा की पावणं, सरपंच उतरत्यात!"